घाटात थांबायचं नाही

मोह पडायला लागला की मला वासानं कळतं. होळी होऊन आठ-दहा दिवस झाले की एका सकाळी घाटाकडून वास येतो. गोड, थोडा आंबूस, तापल्या पानांचा. बाकीच्यांना तो आवडतो. मलाही पूर्वी आवडायचा. आता मी दार लावून घेते, आणि तो कुडातून आत येतो.

यंदाही आला. शेजारी माझी जाऊ सोनाबाई राहते. ती मोहाची फुलं वेचायला टोपली घेऊन निघाली आणि सवयीनं माझ्या दारात थांबली. मी मान हलवली. ती गेली. गेली काही वर्षं आमचं हे असंच चालतं. ती विचारत नाही, मी सांगत नाही.

आमचं गाव घाटाच्या माथ्यावर आहे. इथून रस्ता डोंगराच्या अंगानं वळत वळत खाली उतरतो आणि मग सरळ गडचिरोलीला जातो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो एका गाडीपुरता होता. समोरून एस.टी. आली की बैलगाडी झाडीत घालावी लागे. पावसाळ्यात दगड खाली येत, मग दोन-दोन दिवस कोणी येत नसे आणि कोणी जात नसे.

आताचा रस्ता देखणा आहे, हे कबूल करायला हवं. जायला दोन पट्टे, यायला दोन पट्टे, मध्ये कण्हेरी लावलेल्या. कडेला लोखंडी कठडा. गावाच्या फाट्यावर रस्त्याखालून बोगदा काढलाय, गाडी वळवायची तर त्यातून. घाटाच्या पायथ्याशी, जिथं खाणीकडचा रस्ता येऊन मिळतो, तिथं मोठा पूल आणि चारही अंगांनी गोल फिरणारे रस्ते. इंजिनिअर त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. गावातले लोक जिलबी म्हणतात. पहिल्यांदा तिथून गेले तेव्हा मी दोनदा सूर्य उजवीकडून डावीकडे गेलेला पाहिला आणि ओकारी आली. पावसाळ्यानंतर नागपूरची माणसं मोटारी घेऊन येतात. वरच्या मोकळ्या जागेत उभं राहून खालचं जंगल बघतात, फोटो काढतात. जंगल तिथून खरंच चांगलं दिसतं. आम्ही त्याच्या आत राहिलो, त्यामुळे ते असं एकदम सगळं कधी बघितलं नव्हतं.

त्या जागेच्या खाली पहिल्या वळणावर पाटी आहे. घाटात वाहन थांबवू नये. मी चौथी शिकले, तेवढं वाचता येतं. पाटीच्या पलीकडे, कठड्याला लागून एक मोहाचं झाड आहे. ते माझं.

झाड माझं म्हणजे सरकारदरबारी नाही. सरकारदरबारी ते जंगलाचं. पण आमच्याकडे प्रत्येक मोहाला घर असतं. हे झाड कुमर्‍यांचं, ते आत्रामांचं, ते पलीकडचं वाकडं सोनाबाईचं. मी सून म्हणून आले तेव्हा सासूनं मला शेत नंतर दाखवलं, आधी झाडाखाली नेऊन उभं केलं. म्हणाली, "हे आपलं. याच्याखाली दुसरं कोनी वाकलं तं भांडजो." मी भांडलेही आहे. अस्वलाशीसुद्धा भांडले आहे. हे खोटं वाटेल, पण मोहाच्या दिवसांत अस्वलं आमच्याइतकीच पहाटे उठतात.

मोह वेचायचा तर आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळावा लागतो. नाहीतर फूल पानात दडतं, दिसत नाही. काळी झालेली जमीन असली की पिवळं फूल लांबून दिसतं. म्हणून त्या दिवसांत उजाडता उजाडता सगळ्या घाटावर धूर असायचा. प्रत्येक झाडाखाली एक बाई आणि एक जाळ. धूर हलका नसतो. ओल्या दवात तो खाली बसतो आणि रस्त्यावर येऊन पडून राहतो.

आणि म्हणून जुन्या घाटाचा एक नियम होता. तो कुठल्या पाटीवर नव्हता. मोहाच्या दिवसांत रस्त्यावर धूर दिसला की गाडीवाल्यानं थांबायचं आणि हाक द्यायची. धुरात बाया असतात, टोपल्या घेऊन रस्ता ओलांडत असतात, तान्ही पोरं कडेला निजवलेली असतात. हाक ऐकली की जी जवळची बाई असेल तिनं ओ द्यायची. "थांब" म्हणायचं किंवा "ये" म्हणायचं. ओ आल्याशिवाय गाडी हलत नसे. सायकलवाला असो, बैलगाडीवाला असो, एस.टी. असो.

एस.टी.चा एक कंडक्टर होता, दारात लोंबकळून हाक द्यायचा.

"कोनी हाय का वो? बाई हाय का अस्वल हाय?"

"अस्वलच हाय," मी आतून म्हणायची. "ये, तिकीट फाड."

"अस्वलाले हाफ तिकीट."

"तुह्या बायकोले फाड हाफ. ये आता, रस्ता मोकळा हाय."

मग एस.टी. धुरातून हळूहळू पुढे जाई, दिवे लावून, आणि आतली माणसं खिडकीतून आमच्याकडे बघून खोकत. मला आठवत नाही की त्या सगळ्या वर्षांत घाटावर कोणी मेलं. दारू पिऊन दरीत गेलेला एक होता, पण तो पावसाळ्यात.

मजीदभाऊ बांगड्यावाला त्या घाटावरचाच माणूस. राहायला वडशाला, पण आठवड्यातले सहा दिवस आमच्या बाजूच्या बाजारांत. आधी सायकल होती, मग मोटारसायकल घेतली, मागे लाकडी पेटी. आमच्या भागातल्या दोन पिढ्यांच्या मुलींचे हात त्यानं भरले असतील. हात धरायची त्याची एक पद्धत होती. नजर बांगडीवर, चेहऱ्याकडे बघायचा नाही, आणि तोंडानं दुसरंच काही बोलत राहायचा, म्हणजे दुखतं ते कळू नये. तो घाटावर हाक द्यायचा ती सगळ्यांत लांब जायची. "ओ मायबाईऽ" असा सूर लावायचा. आम्ही त्याला चिडवायचो की तू नमाज चुकवतोस आणि बांग इथं देतोस. तो हसायचा. "इथी बी देतो, तिथी बी देतो. तुमी ओ देता, तिथून अजून ओ यायची हाय."

नवा रस्ता झाला त्याच्या पहिल्याच मोहाच्या दिवसांतली गोष्ट. त्या वर्षी वनरक्षकानं गावात येऊन वाचून दाखवलं होतं, झाडाखाली जाळ केला तर केस होईल. दरवर्षी वाचतात. पण त्या वर्षी त्यांच्याजवळ गाडी होती, आणि नव्या रस्त्यावरून ती गाडी घाटात सारखी वरखाली करायची. सोनाबाईच्या भावाला पलीकडच्या गावात पकडून नेलं होतं. तारखांना जात होता तो. म्हणून गावातल्या बायांनी त्या वर्षी खराट्यानं पाला लोटला. कमरा मोडल्या. मी तीन दिवस लोटला. चौथ्या दिवशी म्हटलं, मरू दे, आणि काडी लावली.

नुकतं उजाडत होतं. पाला दवानं ओला होता, जळायच्याऐवजी धुमसायला लागला. धूर कठड्यावरून खाली उतरला आणि वळणावर बसला. वनरक्षकाची गाडी थोड्या वेळापूर्वी वर गेली होती आणि फोटोच्या जागेत उभी होती. तिचा दरवाजा वाजलेला मी ऐकला होता.

मग एक मोटारसायकल वरून आली, हळू झाली आणि वळणावर थांबली. इंजिन चालू होतं.

"ओ मायबाईऽ. कोनी हाय का?"

मी आवाज ओळखला. हे इथं लिहून ठेवते, कारण पुढं कोणी म्हणेल की बिचारीला कळलं नसेल. पहिल्या हाकेलाच ओळखला.

मी ओ दिली असती तर वर वनरक्षकाला ऐकू गेलं असतं. म्हणून मी झाडामागं खाली बसले, पदर तोंडावर घेतला आणि गप्प राहिले. मनात म्हटलं, जाईल तो. आता मोठा रस्ता झालाय, आता कोण थांबतं? जाईल.

तो गेला नाही. त्याला रस्ता दिसत नव्हता आणि मोहाचे दिवस होते. त्याच्या डोक्यात जुना घाट होता. त्यानं दुसऱ्यांदा हाक दिली, आधीपेक्षा लांब, आणि वाट बघत राहिला. मी टोपलीतली फुलं मुठीत धरून बसले होते. खाणीकडे जाणारा ट्रक वळणावरून खाली आला. त्यालाही काही दिसलं नाही. त्याला थांबायचं माहीतच नव्हतं, आणि त्याला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

ब्रेकचा आवाज नंतर आला. आधी काच फुटल्याचा आला, खूप काच, आणि बराच वेळ ती रस्त्यावरून उतारानं खाली जात राहिली.

मी जाऊन पाहिलं. तेव्हा ओ देण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. वरून माणसं धावत आली, वनरक्षकही आला, आणि त्या गडबडीत जाळाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. नंतर कोणीतरी म्हणालं, वणवा आला असेल. कागदावर लिहिलं गेलं की मोटारसायकलवाल्यानं काही कारण नसताना भर रस्त्यात गाडी उभी केली. गावातल्या एकानं ते वाचून दाखवलं. काही कारण नसताना.

झाड कोणाचं हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी बोललं नाही. दहा दिवसांनी मी सोनाबाईला सांगितलं की मी आवाज ओळखला होता. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"आता बोलून कोन उठून येनार हाय?" ती म्हणाली.

"कोनी नाई."

"मंग गप राय."

मी गप्प राहिले. गप्प राहणं मला जमतं, हे मला तोवर चांगलं कळलं होतं. फक्त त्या झाडाखाली मी पुन्हा गेले नाही. आता त्याची फुलं डांबरावर पडतात, चाकाखाली चिरडतात, आणि महिनाभर वळणावर एक काळा, चिकट पट्टा असतो. पावसानंच तो जातो.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. गडचिरोलीच्या दवाखान्यात दर आठवड्याला दाखवायला जावं लागे. आमच्या फाट्यावरून एक काळीपिवळी जाते. तिचा ड्रायव्हर रहमानभाऊ, मजीदचा धाकटा भाऊ. मजीद गेला तेव्हा तो नागपूरला गॅरेजात होता. भावाचं घर बघायचं म्हणून वडशाला परत आला आणि त्यानं जीप घेतली. जुन्या घाटावर त्यानं कधी गाडी चालवली नव्हती. धुराचं, हाकेचं त्याला काही माहीत नव्हतं. कागदावर काय लिहिलंय तेवढं माहीत होतं.

डोळ्याला पट्टी म्हणून तो मला पुढच्या सीटवर बसवायचा, स्वतः हात धरून. आणि दर वेळी त्या वळणावर आला की बोलायचा.

"इथी मेला आमचा भाई. बीच रस्त्यात गाडी उभी करून. येडा होता, बाई."

मी समोर बघायची.

"पन्नास वर्साचा मानूस. मले सांगा, हायवेवर कोनी थांबते का? लहान लेकराले बी समजते."

दर आठवड्याला हेच. तो रडका माणूस नव्हता, तो रागावलेला होता. मेलेल्यावर इतकी वर्षं राग धरून ठेवायला ताकद लागते, आणि ती त्याच्यात होती. मला वाटायचं, करू दे राग, मेलेल्याला काय लागतं? मोहाचे दिवस आले तेव्हा माझ्या दोनच फेऱ्या राहिल्या होत्या. दोन फेऱ्या गप्प बसले की सुटले, असा माझा हिशोब होता.

त्या दिवशी जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. बाजार नव्हता. तो मजीदच्या मुलीबद्दल बोलत होता. तिचं लग्न जमत होतं.

"पोराकडच्यायनं विचारलं, बाप कसा गेला. मी बोलनार होतो, तं पोरगीच बोलली. म्हने, अब्बांच्या चुकीनं गेले. मान खाली घालून." त्यानं गियर बदलला. "घरात बापाचं नाव घेत नाई ती. आता निकाहाच्या दिवशी तं घ्यावंच लागंल."

"काऊन नाई घेत?"

"लाज वाटते तिले. मीच शिकवलं ना. लहानपनापासून मीच बोलून राह्यलो, तुहा बाप येडा होता."

वळण आलं. त्यानं तोंड उघडलं, नेहमीचं बोलायला. मी आधी बोलले.

"येडा नव्हता तो. माह्यासाठी थांबला होता."

मग सगळं सांगितलं. जुन्या घाटाचा नियम सांगितला, जाळ सांगितला, वर उभी असलेली गाडी सांगितली. दोन हाका सांगितल्या. पायथ्यापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते संपलं. इतकं थोडंच होतं ते.

जिलबी आली. गडचिरोलीला जायचं तर पुलाखालून सरळ. रहमानभाऊनं गाडी डावीकडे घेतली. आम्ही गोल फिरलो, पुलावर आलो, पलीकडच्या पट्ट्यावर उतरलो आणि पुन्हा घाट चढायला लागलो. मी विचारलं नाही. वर फाट्यापाशी त्यानं बोगद्यातून गाडी वळवली आणि आम्ही पुन्हा उतरलो. वळणावर त्यानं गाडी हळू केली. मागून ट्रकनं हॉर्न दिला. तो पुढे गेला. पुन्हा जिलबी, पुन्हा पूल, पुन्हा घाट. त्याला तिथं थांबायचं होतं आणि तिथं थांबता येत नव्हतं. म्हणून तो फिरत राहिला. तीन वेळा आम्ही त्या झाडाजवळून गेलो. माझ्या उघड्या डोळ्याला ते तीनही वेळा नीट दिसलं. फुलं पडत होती.

तिसऱ्या खेपेला त्यानं विचारलं.

"काय म्हनला होता तो? नेमकं."

मी सांगितलं.

"आवाज कसा होता? घाबरलेला होता का?"

"नाई. घाबरलेला नव्हता. त्याले वाटलं, ओ येईल."

त्यानंतर त्यानं सरळ दवाखाना गाठला. उशीर झाला होता, चिठ्ठी देणारी खिडकी बंद होत होती. त्यानं मला बाकावर बसवलं, स्वतः खिडकीत जाऊन भांडला, चिठ्ठी आणून माझ्या हातात दिली. आणि उभ्या उभ्या म्हणाला, "पुढच्या वेळेस दुसरी गाडी पाहा, मैनाबाई."

"पाह्यतो," मी म्हटलं.

परत मी एस.टी.नं आले. मनावरचं ओझं उतरतं म्हणतात. माझं काही उतरलं नाही. भूक मात्र खूप लागली होती. घरी येऊन मी सकाळचा भात खाल्ला आणि झोपले. दुसऱ्या दिवशी सोनाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "आता केस करंल तो तुह्यावर." मी म्हटलं, करू दे. त्यानं केली नाही. शिव्या द्यायलाही आला नाही. फाट्यावर त्याची जीप दिसते. तो मला बघतो आणि दुसरीकडे बघत नाही. सरळ माझ्याकडे बघत राहतो, प्रवासी भरेपर्यंत. मग जातो.

मुलीचा निकाह या थंडीत झाला. सोनाबाईची सून वडशाला असते, त्यांच्याच गल्लीत, ती गेली होती. तिनं येऊन सांगितलं की जेवणं चालू असताना रहमानभाऊ व्याह्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझा भाऊ येडा नव्हता. पुढं धुरात बाया होत्या, म्हनून थांबला. लोक सांगायले विसरले होते." मुलगी आधी तशीच बसून होती. मग तिनं चुलत्याला तेच पुन्हा एकदा बोलायला लावलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाया होत्या, असंच म्हनला?" मी विचारलं.

"असंच."

"कोन्या बाया ते?"

"ते नाई सांगितलं. तुमचं नाव नाई निघालं, बाई. निश्चिंत राहा."

सोनाबाईला बरं वाटलं. गावालाही बरं वाटलं असेल.

बाया नव्हत्या. एकच होती. त्या दिवशी बाकीच्या सगळ्या खराटे घेऊन वरच्या अंगाला होत्या, आणि त्यांच्यातल्या कुठल्याही बाईनं ओ दिली असती. रहमानभाऊनं त्या सगळ्यांच्यात मला मिसळून टाकलं. का, ते त्याला ठाऊक. दया असेल, किंवा माझं नाव त्या मांडवात उच्चारायचं नसेल. मला ते नको आहे. ज्या मुलीला बापाचं नाव घ्यायची लाज वाटत होती, तिला माझं नाव माहीत असायला हवं.

झाड माझं, जाळ माझा. आवाज ओळखून गप्प बसली ती मैनाबाई, म्हणजे मी.